यशोगाथेत वाट करून देणाऱ्यांची नावेही छापावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गेले काही महिने विज्ञान-तंत्रज्ञान क्षेत्रात पुढे आलेल्या वांशिक अल्पसंख्याक समाजांतील व्यक्तींच्या वाटचालीवर लेख येत आहेत. त्याबद्दल आपले मनापासून आभार. मी अमेरिकेतील एका संशोधन संस्थेत सत्तावीस वर्षे पदार्थविज्ञानाचे काम करून निवृत्त झाले असून, त्यांपैकी अकरा वर्षे उन्हाळी प्रशिक्षणार्थींची निवड करणाऱ्या समितीवर होते. ज्या समाजांतील माणसे प्रयोगशाळांमध्ये त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फारच थोडी दिसतात, म्हणजे कृष्णवर्णीय, मूलनिवासी अमेरिकी आणि लॅटिन अमेरिकी वंशाची मंडळी, त्यांच्यासोबत मी रोज काम केले. म्हणूनच या लेखांबद्दल एक तक्रार नोंदवावीशी वाटते. प्रत्येक लेखात गरिबी येते, अपमान येतो, रात्रीचा दिवस करून केलेला अभ्यास येतो आणि शेवटी ‘जिद्दीच्या जोरावर’ हे शब्द येतात. यातले काहीच खोटे नाही. पण त्या माणसाला पहिली नोकरी कोणी दिली, फी कोणी भरली, कोणता नियम कधी बदलला, हे मात्र लेखात कुठेच सापडत नाही, आणि या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला नेमके तेच हवे असते.

पर्सी ज्युलियन यांचे उदाहरण घेते. 1899 साली अलाबामातील माँटगोमेरी येथे जन्मलेला हा कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ डीपॉव विद्यापीठातून 1920 मध्ये पहिल्या क्रमांकाने पदवीधर झाला. पुढे हार्वर्डमध्ये त्याने एम.ए. केले, परंतु कृष्णवर्णीय शिक्षक गौरवर्णीय विद्यार्थ्यांना चालणार नाही, या भीतीने त्याला दिलेली शिकवण्याची जागा काढून घेण्यात आली आणि तिथली डॉक्टरेटची वाट बंद झाली. ती पदवी त्याने अखेर 1931 साली व्हिएन्नाहून मिळवली. 1935 मध्ये डीपॉवच्याच प्रयोगशाळेत जोसेफ पिकल यांच्यासोबत त्याने काचबिंदूवरील औषध असलेल्या फायसोस्टिग्मिनचे संपूर्ण संश्लेषण केले आणि या विषयातील जगातल्या नामांकित रसायनशास्त्रज्ञांवर मात केली. तरीही त्याच विद्यापीठाने त्याला कायमची प्राध्यापकी नाकारली. विस्कॉन्सिनमधील ॲपलटन येथील एका संस्थेला तो हवा होता. पण कृष्णवर्णीयांना रात्री मुक्काम करण्यास त्या गावात बंदी असल्याने तेही बारगळले. शेवटी 1936 मध्ये ग्लिडन कंपनीने त्याला शिकागोत सोयाबीन संशोधनाचा प्रमुख नेमले. तिथून पुढे सोयाबीनपासून हॉर्मोन तयार करण्याच्या पद्धती, शंभरावर पेटंट, 1953 मध्ये स्वतःची प्रयोगशाळा आणि 1973 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व, असा त्याचा प्रवास झाला. मधल्या काळात ओक पार्क येथील त्याच्या घरावर 1950 आणि 1951 साली हल्ले झाले. एकदा आग लावण्याचा प्रयत्न झाला, दुसऱ्यांदा स्फोटके फेकली गेली.

आता याला जिद्दीची कथा म्हटले, तर माझा प्रश्न असा आहे की हार्वर्डमध्ये, डीपॉवमध्ये, ॲपलटनच्या बाबतीत आणि शिकागोत त्या माणसाची जिद्द वेगवेगळी होती का? माणूस तोच होता, बुद्धी तीच होती, कष्टही तेच होते. तीन ठिकाणी नकार मिळाला आणि चौथ्या ठिकाणी होकार, एवढाच काय तो फरक. या फरकाचे कारण ज्युलियनमध्ये शोधून सापडणार नाही; ते त्या चार संस्थांमध्ये शोधावे लागते. आपल्या लेखांत मात्र संस्था पार्श्वभूमीला राहतात आणि सगळा भार एकट्या माणसाच्या मनोबलावर टाकला जातो.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट कृष्णवर्णीय संशोधक जेम्स वेस्ट यांनी अनेकदा सांगितली आहे. 1962 साली बेल लॅब्ज या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेत गेरहार्ड सेस्लर यांच्यासोबत त्यांनी इलेक्ट्रेट मायक्रोफोन, म्हणजे कायम विद्युतभार धरून ठेवणारे पटल वापरणारा मायक्रोफोन, तयार केला. पुढची कित्येक दशके टेलिफोनपासून श्रवणयंत्रांपर्यंत बहुतेक उपकरणांत त्याच जातीचा मायक्रोफोन असे. या माणसाने तरुणपणी भौतिकशास्त्र शिकायचे ठरवले, तेव्हा वडिलांनी त्याला तीन कृष्णवर्णीय गृहस्थांची ओळख करून दिली. तिघेही रसायनशास्त्रात किंवा भौतिकशास्त्रात डॉक्टरेट झालेले होते आणि त्यांना मिळालेली सर्वांत चांगली नोकरी टपाल खात्यातली होती. मुलगा विज्ञानाच्या नादाने वाया जाईल, ही वडिलांची भीती अडाणीपणाची नव्हती. डोळ्यांसमोर पुरावे होते. ते तिघे मला विसरता येत नाहीत. त्या काळात कृष्णवर्णीय माणसाने डॉक्टरेट मिळवायला किती जिद्द लागत असेल, याची कल्पना आज करता येणार नाही. पण त्यांची यशोगाथा कोणी छापली नाही, कारण ती यशोगाथा झालीच नाही. आपण फक्त पोहोचलेल्यांना विचारतो आणि ते ‘जिद्द’ म्हणतात. वाटेतच अडवले गेलेल्यांना विचारले, तर तेही ‘जिद्द’च म्हणाले असते. दोघांकडेही जी होती, ती गोष्ट दोघांमधल्या फरकाचे कारण कशी ठरेल?

कॅथरीन जॉन्सन यांचे नाव आता बऱ्याच वाचकांना ठाऊक आहे. अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन यांच्या 1962 मधील पृथ्वीप्रदक्षिणेपूर्वी संगणकाने काढलेले आकडे त्यांनी हाताने पडताळून पाहिले, हा प्रसंग सर्वत्र सांगितला जातो. परंतु तिथवरची वाट कशी तयार झाली, ते पाहावे. वेस्ट व्हर्जिनियातील त्यांच्या गावी कृष्णवर्णीय मुलांची शाळा आठवीपर्यंतच होती. पुढच्या शिक्षणासाठी आई शाळेच्या महिन्यांत मुलांना घेऊन सुमारे दोनशे किलोमीटर लांब राहायची आणि वडील नोकरीसाठी मागे थांबायचे. महाविद्यालयात विल्यम शिफेलिन क्लेटर नावाचे गणिताचे तरुण प्राध्यापक होते. या मुलीने उपलब्ध असलेले गणिताचे सगळे अभ्यासक्रम संपवले, तेव्हा क्लेटर यांनी अवकाशातील विश्लेषक भूमितीचा एक अभ्यासक्रम खास तिच्यासाठी तयार करून शिकवला. तू संशोधक गणितज्ञ हो, असे त्यांनी तिला सांगितले. नोकरी कुठे मिळेल, असे तिने विचारल्यावर ते मात्र तुझे तुलाच शोधावे लागेल, असे ते म्हणाले. क्लेटर स्वतः पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे डॉक्टरेट होते, टोपॉलॉजी या गणिताच्या शाखेत त्यांनी मोलाचे काम केले होते, आणि तरीही वर्णामुळे त्यांना कोणत्याही मोठ्या गौरवर्णीय विद्यापीठात कायमची जागा मिळाली नाही.

शिवाय त्यात एक नियमही आहे. 1941 मध्ये कामगार पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर कृष्णवर्णीय कामगारांचा मोर्चा नेण्याची तयारी केली, म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक 8802 काढून संरक्षण उद्योग आणि सरकारी नोकऱ्यांतील वंशभेदाला मनाई केली. लँग्ली येथील हवाई संशोधन केंद्रात (हे पुढे नासाचा भाग झाले) 1943 पासून कृष्णवर्णीय स्त्रिया गणक म्हणून, म्हणजे हाताने आकडेमोड करण्यासाठी, घेतल्या जाऊ लागल्या, त्यामागे युद्धकाळातील मनुष्यबळाची टंचाई होती आणि हा आदेशही होता. जॉन्सन 1953 साली तिथे रुजू झाल्या, त्या अशा रीतीने दहा वर्षे आधी पडलेल्या वाटेवरून. म्हणजे त्यांच्या कहाणीत घर विभागून राहिलेले आई-वडील आहेत, एका विद्यार्थिनीसाठी अभ्यासक्रम लिहिणारा शिक्षक आहे आणि रेल्वेच्या शयनयान डब्यांतील सेवकांची संघटना बांधणारा रँडॉल्फ यांच्यासारखा कामगार पुढारीही आहे. यांपैकी कोणालाही वगळले, तरी कहाणी पुढे सरकत नाही.

पदनामाचाही स्वतंत्र विचार व्हायला हवा, कारण आपल्याकडील लेखांत त्याकडे लक्ष जात नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 29 नोव्हेंबर 1944 रोजी ‘निळ्या बाळा’च्या, म्हणजे रक्तात ऑक्सिजन कमी पडून अंग निळे पडणाऱ्या बाळाच्या, हृदयविकारावरील पहिली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा शल्यविशारद आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या खांद्यामागे एका छोट्या स्टुलावर उभे राहून त्यांचे कृष्णवर्णीय सहायक व्हिव्हियन थॉमस त्यांना प्रत्येक टप्प्यावर सूचना देत होते. ही शस्त्रक्रिया प्रयोगशाळेत कुत्र्यांवर थॉमस यांनीच बसवली होती. 1930 मध्ये बँक बुडाल्याने त्यांची महाविद्यालयासाठी साठवलेली पुंजी गेली होती. बाल्टिमोरला येण्याआधी व्हँडरबिल्ट विद्यापीठात ते संशोधन सहायकाचे काम करत असताना कागदोपत्री सफाई कामगार होते आणि पगारही त्याच श्रेणीचा होता. बाल्टिमोरमध्येही घरखर्च भागत नसे, म्हणून ज्यांना त्यांनी शस्त्रक्रिया शिकवली, त्याच डॉक्टरांना ब्लॅलॉक यांच्याकडील मेजवान्यांमध्ये ते पेये देत. त्या शस्त्रक्रियेला ब्लॅलॉक आणि बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांची नावे मिळाली. थॉमस यांना मानद डॉक्टरेट आणि वैद्यकीय शाळेतील अध्यापकाची नेमणूक मिळाली 1976 मध्ये, म्हणजे त्या दिवसानंतर बत्तीस वर्षांनी. आजही कोण ‘तंत्रज्ञ’ आणि कोण ‘शास्त्रज्ञ’ हे ठरवणारा कागद माणसाचा पगार, त्याचे शोधनिबंधावरील नाव आणि निवृत्तिवेतन ठरवतो. माझ्या संस्थेतही उपकरणे सांभाळणाऱ्या विभागात आणि संशोधकांच्या विभागात दिसणारे चेहरे वेगळे होते. पहिल्या विभागातील काही जण दुसऱ्या विभागातील कित्येकांपेक्षा जाणकार होते, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट लिहिते. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत गणित शिकवणाऱ्या यूरी ट्राइझमन यांना एक प्रश्न पडला. कॅल्क्युलस (कलनशास्त्र) या गणिताच्या शाखेच्या पहिल्या अभ्यासक्रमात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत होते, आणि चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र उत्तम गुण मिळवत होते. त्यांनी प्राध्यापकांना कारण विचारले, तेव्हा तयारी कच्ची, घरची परिस्थिती बेताची, पालकांचे लक्ष नाही, शिकण्याची ओढ कमी, अशी ठरावीक उत्तरे मिळाली. ट्राइझमन यांनी दोन्ही गटांतील वीस-वीस विद्यार्थ्यांचे दैनंदिन जीवन जवळून पाहिले, तेव्हा ही चारही उत्तरे टिकेनात. या मुलांच्या घरी शिक्षणाची कदर होती. ती आपापल्या शाळांमधली हुशार मुले होती आणि प्राध्यापकांनी सांगितलेले तास इमानाने अभ्यास करत होती. पण ती एकेकटी अभ्यास करत होती. चिनी विद्यार्थी आधी स्वतंत्रपणे गणिते सोडवत, मग एकत्र जमून एकमेकांच्या वह्या तपासत, अडलेले विचारत, जुन्या प्रश्नपत्रिका फिरवत. एखादे गणित कोणालाच सुटले नाही, तर ते गणितच अवघड आहे, हे त्यांना कळत असे. एकट्या मुलाला मात्र तेच गणित सुटले नाही, की आपणच कमी आहोत असे वाटत राही, आणि हे चुकीचे आहे असे सांगणारे त्याच्या शेजारी कोणी नसे.

ट्राइझमन यांनी यावर केलेला उपाय समजून घेण्यासारखा आहे. त्यांनी कच्च्या मुलांसाठी जादा तास काढले नाहीत. त्यांनी ‘गुणवंतांसाठी’ म्हणून कार्यशाळा सुरू केली, त्यात नेहमीपेक्षा कठीण गणिते दिली आणि ती गटात बसून सोडवायला लावली. कार्यशाळेत आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल न आलेल्यांपेक्षा कितीतरी चांगले लागले आणि नापासांचे प्रमाण एकदम घटले. माझ्या मते या क्षेत्रातील वाटचालींबद्दल आपण जे काही वाचले पाहिजे, त्यात हा प्रयोग पहिल्या क्रमांकावर हवा, कारण हुशार, कष्टाळू, जिद्दी मूल केवळ एकटे पडल्याने कसे गळते, हे त्यात स्वच्छ दिसते. एकटेपणाने केलेला संघर्ष हा या कथांचा दागिना म्हणून मिरवला जातो, आणि इथे तर एकटेपणा हाच आजार ठरला!

हेच सूत्र पुढे मेरिलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेत मोठ्या प्रमाणावर राबवले गेले. फ्रीमन राबोस्की यांच्या पुढाकाराने आणि रॉबर्ट व जेन मायरहॉफ यांच्या देणगीतून 1988 मध्ये तिथे शिष्यवृत्तीचा एक उपक्रम सुरू झाला आणि पहिल्या तुकडीत एकोणीस कृष्णवर्णीय तरुण आले. महाविद्यालय सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात सगळ्यांनी एकत्र राहायचे, अभ्यास गटाने करायचा, पहिल्या वर्षापासून खऱ्या प्रयोगशाळेत काम करायचे, आणि एकाचे गुण घसरले तर ती सगळ्यांची चिंता मानायची, अशी त्याची घडण आहे. प्रवेश मिळूनही तो न घेता दुसरीकडे गेलेल्या तितक्याच हुशार विद्यार्थ्यांच्या तुलनेत या उपक्रमातील विद्यार्थी डॉक्टरेटच्या शिक्षणाकडे जाण्याचे प्रमाण सुमारे पाचपट आढळले. गुणवत्ता सारखीच होती. फरक त्या चार वर्षांच्या रचनेने पडला. कोविडच्या मॉडर्ना लशीमागील संशोधनात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या किझमेकिया कॉर्बेट या याच उपक्रमातून पुढे आलेल्या. त्यांच्यावर 2020-21 मध्ये जगभर भरपूर लिहिले गेले, परंतु या उपक्रमाबद्दल मराठीत एकही परिच्छेद माझ्या वाचनात आला नाही.

आता थोडे स्वतःच्या अनुभवाचे. आमच्या निवड समितीत प्रत्येक अर्जाला दहापैकी गुण द्यायचे असत आणि त्यांतील तीन गुण शिफारसपत्राचे असत. एका वर्षी माझ्यासमोर दोन अर्ज लागोपाठ आले. एक नामांकित विद्यापीठातला. त्यासोबतचे शिफारसपत्र दोन पानांचे होते आणि त्यात उमेदवाराने कोणत्या यंत्रावर कोणते मोजमाप केले, त्याची चर्चा कशी केली, हे सगळे आले होते. दुसरा एका लहानशा महाविद्यालयातल्या मूलनिवासी मुलीचा होता. तिच्या प्राध्यापकांचे पत्र चार ओळींचे: ही मुलगी मेहनती आहे, वेळेवर येते, सांगितलेले काम पूर्ण करते, तिची शिफारस करतो. मी पहिल्याला तीन आणि दुसरीला एक गुण देऊन पुढच्या अर्जाकडे वळले. माझ्या मनात कोणताही आकस नव्हता, हे मी प्रामाणिकपणे सांगते; आणि अन्याय करायला आकस लागत नाही, हे मला त्या दिवसापर्यंत कळले नव्हते. समितीतल्या एका ज्येष्ठ कृष्णवर्णीय सहकाऱ्याने माझा तक्ता पाहून विचारले, “हे गृहस्थ एका सत्रात किती विषय शिकवत असतील, याचा अंदाज आहे का? त्यांच्याकडे प्रयोगशाळा तरी आहे का, जिच्याबद्दल त्यांनी लिहावे?” मग आम्ही त्या प्राध्यापकांना फोन केला. ते पाच विषय शिकवत होते आणि अशी पत्रे कशी लिहायची असतात, हे त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते. फोनवर मात्र ते पाऊण तास बोलत होते. महाविद्यालयात बंद पडलेला एक जुना स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाशाचे पृथक्करण करून मोजमाप करणारे यंत्र, होता. या मुलीने त्याचे कागदपत्र शोधून, दिव्याचा भाग दुसऱ्या टाकाऊ उपकरणातून काढून, तो सुरू केला होता आणि त्यावर आता तिच्या मागच्या वर्गाचे प्रात्यक्षिक चालत होते. पहिल्या उमेदवाराने वापरलेले यंत्र त्याच्यासाठी कोणीतरी तयार ठेवले होते. हिने स्वतः दुरुस्त केले होते, आणि मी तिला एक गुण दिला होता.

ती आमच्याकडे आली, काम उत्तम केले, पुढे डॉक्टरेटला प्रवेशही मिळाला. चौथ्या वर्षी तिच्या मार्गदर्शकांचे अनुदान संपले, ते दुसऱ्या विद्यापीठात गेले, आणि नव्याने सुरुवात करण्याइतकी घरची परिस्थिती नसल्याने ती पदवी अर्धवट सोडून एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या नोकरीला लागली. तिथे ती चांगले काम करते आहे, असे तिने मला कळवले. आपल्या पुरवणीतील चौकटीत ही कहाणी बसणार नाही, हे मला माहीत आहे. पण या समाजांतील बहुसंख्य विज्ञान पदवीधरांची वाटचाल अशीच असते; आणि ती नेमकी कुठे व कशाने वळली, याची नोंद झाली, तर पुढच्या मुलीसाठी तिथे काहीतरी करता येईल.

अनुदानाचा उल्लेख आला, म्हणून एक आकडा देते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे आलेल्या अर्जांचा अभ्यास 2011 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शिक्षण, प्रशिक्षण, आधीची अनुदाने आणि शोधनिबंध हे सगळे जमेस धरल्यानंतरही कृष्णवर्णीय संशोधकांना अनुदान मिळण्याची शक्यता गौरवर्णीयांपेक्षा दहा टक्के-अंकांनी कमी निघाली. 2019 मधील पुढच्या अभ्यासात त्याचे एक कारण दिसले: समाजाचे आरोग्य, आरोग्यातील विषमता यांसारखे जे विषय कृष्णवर्णीय संशोधक अधिक निवडतात, त्या विषयांनाच पैसा कमी मिळतो. हे नुकसान त्या संशोधकांपुरते राहत नाही. बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणारे ऑक्सिमीटर काळसर त्वचेवर जास्त आकडा दाखवते, आणि त्यामुळे ऑक्सिजन धोकादायक पातळीपर्यंत उतरल्याचे लपून राहण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गौरवर्णीयांच्या जवळपास तिप्पट असते, हे 2020 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. चेहरा ओळखून स्त्री-पुरुष ठरवणाऱ्या संगणक प्रणालींतील दोष 2018 मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन कृष्णवर्णीय संशोधक स्त्रियांनी मोजून दाखवला. गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत चूक 34.7 टक्क्यांपर्यंत, तर उजळ वर्णाच्या पुरुषांच्या बाबतीत जास्तीत जास्त 0.8 टक्के. ज्यांच्या त्वचेवर उपकरण फसते, त्यांना उपकरण बनवणाऱ्यांच्या खोलीत जागा हवी, यासाठी आणखी काय कारण द्यायचे?

शेवटी एक मुद्दा आपल्याच लोकांबद्दलचा आहे, आणि तो लिहिताना मला थोडे अवघड वाटते. परदेशात मी अल्पसंख्याक होते, पण कमी प्रतिनिधित्व असलेली नव्हते. भारतीय वंशाची माणसे तिथल्या प्रयोगशाळांत आणि संगणक कंपन्यांत लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त आहेत, आणि आपली वृत्तपत्रे ते आपल्या बुद्धीचे आणि कष्टाचे फळ म्हणून सांगतात. मग ओघानेच विचारले जाते की आपल्याला जमले, तर त्यांना का नाही. माझ्या कुटुंबातल्या बैठकीतही हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. त्याचे उत्तर 1965 च्या स्थलांतर कायद्यात आहे. त्याआधी भारतीयांना अमेरिकेत स्थायिक होण्याचे वर्षाला जेमतेम शंभर परवाने मिळत. या कायद्याने मूळ देश व वंश यांवर आधारलेला कोटा रद्द केला आणि शिक्षित, कुशल माणसांना प्राधान्य दिले. अमेरिकेत आम्ही पोहोचलो, ते असे गाळून घेतलेले लोक होतो. आमचे शिक्षण भारतातील करदात्यांच्या पैशावर झाले होते आणि अमेरिकेने ते तयार स्वरूपात घेतले. ज्यांना पिढ्यान् पिढ्या शाळा नाकारली गेली, अशा संपूर्ण समाजाशी एका समाजातून निवडून आणलेल्या मूठभरांची तुलना करणे कोणत्याही विज्ञानात बसत नाही. आणि तो 1965 चा कायदा झाला, तो नागरी हक्कांच्या चळवळीच्या वातावरणात, 1964 च्या नागरी हक्क कायद्यापाठोपाठ. ज्यांनी मोर्चे काढले, मार खाल्ला, तुरुंगवास भोगला, त्यांनी आमच्यासाठीही तो रस्ता मोकळा केला होता. मला हे नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

जून 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. तो खटला आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांवर अन्याय होतो, या मुद्द्यावर लढवला गेला होता. पुढच्याच प्रवेशवर्षी एमआयटी या अमेरिकेतील नामवंत तंत्रज्ञान विद्यापीठातील नव्या तुकडीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण आधीच्या वर्षांतील सुमारे 13 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आले आणि आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांचे सुमारे 40 टक्क्यांवरून 47 टक्क्यांवर गेले. त्या वाढीत आपली मुलेही असतील. त्यांचे अभिनंदन जरूर करावे. पण त्या बातमीशेजारी दुसरा आकडाही छापला जावा, अशी माझी अपेक्षा आहे. याच एमआयटीतून 1973 मध्ये शर्ली ॲन जॅक्सन या डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या होत्या, आणि विद्यार्थिदशेतच त्यांनी सहकाऱ्यांसोबत संघटना स्थापून संस्थेला आपल्या समाजातील अधिक विद्यार्थी घेण्यास भाग पाडले होते.

म्हणून माझी विनंती लेख थांबवण्याची नाही, उलट ते आणखी सविस्तर करण्याची आहे. मुलाखत घेणाऱ्यांनी यापुढे काही साधे प्रश्न विचारावेत. या विषयात करिअर असते, हे तुम्हाला पहिल्यांदा कोणाकडून कळले? अर्जाची फी, प्रवासखर्च आणि पहिला पगार हाती पडेपर्यंतचा महिना कसा निभावला? कोणत्या वळणावर सोडून द्यावेसे वाटले आणि त्या दिवशी तुमच्याशी कोण बोलले? तुमच्याबरोबर सुरुवात केलेल्यांपैकी कोण कुठे आहे? आणि जेम्स वेस्ट यांनी बेल लॅब्जमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी प्रशिक्षण व शिष्यवृत्तीच्या योजना उभ्या करायला हातभार लावला, तसे तुम्ही तुमच्या संस्थेत काही बदलू शकलात का, आणि नसल्यास कोणी अडवले? यांची उत्तरे छापायला जागा जास्त लागेल. ती द्यावी, एवढेच मागणे आहे. शिफारसपत्र कसे लिहावे, याचा एक नमुनाही आपण कधी छापू शकलात, तर लहान महाविद्यालयांतल्या त्या चार ओळी लिहिणाऱ्या प्राध्यापकांना त्याचा उपयोग होईल. मजकूर मी तयार करून पाठवायला तयार आहे.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त पदार्थवैज्ञानिक